उभी कुठे असायची?

रायगडच्या किनाऱ्यावर जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाने आधी किलोमीटर विचारू नयेत. ॲव्हरेजही विचारू नये. पिकअप तर मुळीच विचारू नये, कारण शनिवारी सकाळी वडखळहून निघालेल्या पिकअपवाल्या आणि बिनपिकअपच्या गाड्या अलिबागला एकाच वेळी पोचतात. इथे विचारायचा प्रश्न एकच, आणि तो मला आमच्या मेकॅनिकने शिकवला. ‘गाडी उभी कुठे असायची?’

त्याचं म्हणणं असं, की चालून झिजलेल्या गाडीचा हिशेब सोपा असतो. क्लच प्लेट गेली, नवी टाका. टायर गुळगुळीत झाले, बदला. ब्रेक पॅड, बुश, शॉकॲब्सॉर्बर, सगळं बाजारात खोक्यात मिळतं आणि खोक्यावर किंमत छापलेली असते. उभ्या उभ्या गेलेल्या गाडीला मात्र पार्ट नाही. “काका, इंजिन दुसरं बसवता येतं. पत्रा काय शिवून आणणार?” असं म्हणत तो समोरच्या गाडीच्या दारावर, फणस तयार झालाय का बघावं तशी, बोटाने टिचकी मारतो आणि कान देतो. मग निकाल. तो एका शब्दाचा असतो: ‘सडकी’ किंवा ‘चालेल’. ‘चांगली’ असा शेरा त्याने आजवर कुठल्याही गाडीला दिल्याचं ऐकिवात नाही. शोरूममधून काल आलेल्या गाडीलाही तो ‘चालेल’च म्हणतो.

आम्हाला गाडी का हवी होती हे सांगायला एक शब्द पुरे: आत्या. आमच्या घरात आजवर दुचाकीवर भागत आलं. कुठे लांब जायचं तर एसटी आणि जवळ जायचं तर मिनिडोर रिक्षा. पण आत्याच्या गुडघ्यांनी मिनिडोरवर बहिष्कार टाकला. डॉक्टर अलिबागला, लग्नकार्यं रोह्याला, माहेरची मंडळी मुरूडला, आणि या सगळ्या ठिकाणी आत्याला वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं असतं. तेव्हा गाडी हवी, ती अडीच लाखांच्या आत हवी आणि लहान हवी.

लहान का, ते नागाव-आक्षी-चौलच्या रस्त्यांवरून गेलेल्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे, वरून नारळी-पोफळींची सावली, मधून एक रस्ता. तो बैलगाडीच्या मापाने पडलेला, आणि त्यावर आता मुंबई-पुण्याच्या पावणेदोन मीटरहून रुंद गाड्या येतात. समोरून रेवदंड्याची एसटी आली की मग मागे कोणी जायचं याचा प्रश्न उभा राहतो. कायद्यात काय आहे ते असो, आमच्याकडे ज्याची गाडी लहान तो मागे जातो. मोठ्या गाडीवाल्याला मागे व्हायला सांगितलं, तर तो आधी काच खाली करतो, मग मागच्या सीटवरच्या कुटुंबाचं मत घेतो, मग पडद्यावर मागचं चित्र बघतो, आणि तोवर आपणच कंटाळून कुणाच्या तरी फाटकात शिरलेलो असतो. लहान गाडीचं हे शिरणं म्हणजे किनाऱ्यावरचं खरं ड्रायव्हिंग. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या ‘जंगल जेट्टी’ या फेरीबोटीवरसुद्धा जागा नसली की खलाशी मागे नजर टाकतो आणि एखादी अल्टो शोधून तिला कोपऱ्यात बोलावतो. मोठ्यांचा अभिमान अर्थात मोठाच असतो. २०२४ संपता संपता रेवदंड्याच्या पुळणीत एक फेरारी रुतली आणि ती बैलगाडीने ओढून काढली, हे दृश्य साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिलं. आमच्याकडे त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बैलांनाही वाटलं नसावं.

लहान गाडी कशाला म्हणायचं हे सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात ठरवून टाकलं होतं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. एवढ्या मापात बसलात तर कर कमी. मग काही कंपन्यांनी लांब गाड्यांच्या डिक्या छाटून त्या चार मीटरच्या आत बसवल्या. आमच्या आळीतली व्याख्या त्याहून सोपी आहे. वाडीच्या फाटकातून आरसे न मिटता आत जाते ती लहान.

या मापाच्या गाड्यांचा इतिहास बघितला तर आपलंच तरुणपण सापडतं. पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ ला दिली आणि ती गाडी पुढे २०१४ पर्यंत बनत राहिली. माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी लायसन्सचा आठ तिच्यातच काढला असेल. १९९८ ला सँट्रो आली, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात वॅगन-आर. दोघींचंही डोकं उंच. तेव्हा लोक त्यांच्या रूपाला हसले होते. आता गुडघे बोलायला लागल्यावर त्या उंचीचं मोल कळतं. मला स्वतःला मनातून नॅनो हवी होती. २००९ ते २०१८ एवढंच तिचं आयुष्य, पण आमच्या गल्ल्यांसाठी याहून योग्य गाडी कुणी बनवली नाही असं माझं मत आहे, आणि ते घरात कुणालाच मान्य नाही. बायकोचा मुद्दा बिनतोड होता. नॅनोचं इंजिन मागे, आणि २०१५ च्या मॉडेलपर्यंत तिचं मागचं दार उघडतच नसे. “सुपारीचं पोतं काय मांडीवर घेऊन बसू?”

त्याच मुद्द्यावर सीएनजीही बाद झालं. डिकीत टाकी बसली की नारळ कुठे ठेवायचे? पेट्रोलवाली घ्यावी तर कट्ट्यावरचे एक निवृत्त गृहस्थ वीस टक्के इथेनॉलवर व्याख्यान देतात. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत, रबराचे पाइप जातील, असं ते सांगतात, आणि सांगून झाल्यावर आपल्या २०११ च्या गाडीत बसून त्याच पंपावर पेट्रोल भरायला जातात. दुसरे एक जण म्हणतात, थांबा, इलेक्ट्रिक स्वस्त होणार आहे. आत्या म्हणाली, “मी थांबले असते रे, गुडघे थांबत नाहीत.”

जाहिराती वाचायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. महाराष्ट्रातली बहुतेक जुनी वाहनं डॉक्टरांची असतात. ‘डॉक्टर यूज्ड, सिंगल हँड, नॉन-ॲक्सिडेंट, फॅमिली कार.’ एवढे डॉक्टर गाड्या विकत असतील, तर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जागा रिकामी का राहते, असा प्रश्न पडतो. डॉक्टरांच्या खालोखाल ‘लेडीज ड्रिव्हन’. म्हणजे हळू चालवलेली, असं विकणाऱ्याला सुचवायचं असतं. त्याने आमच्या बायकोच्या मागे बसून नागाव ते अलिबाग एकदा प्रवास करावा.

आणि मग एक दिवस ती जाहिरात आली. पांढरी हॅचबॅक, नऊ वर्षांची, एकच मालक, आणि मीटरवर फक्त चौदा हजार किलोमीटर. गाडी मांडव्याच्या बाजूच्या एका बंगल्यात. किंमत आमच्या आवाक्यात, किंचित वाकलं तर. घरात उत्सवाचं वातावरण झालं. चौदा हजार म्हणजे नवीच की! मुलाने गणित करून सांगितलं, की ती दिवसाला जेमतेम चार किलोमीटर चालली. बायकोने सीट कव्हरचा रंगसुद्धा ठरवला.

मांडवा, सासवणे, आवास, किहीम हा पट्टा आता मुंबईकरांच्या बंगल्यांचा झाला आहे. पूर्वी गेटवेहून लाँच आणि कॅटमरान, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून थेट गाडीच घेऊन येणारी रो-रो. रो-रो यायच्या आधी बंगलेवाले इथल्या इथे फिरायला एखादी लहान गाडी घेऊन ठेवत. जेट्टीवर उतरायचं, गाडी हजर, बंगल्यावर जायचं, रविवारी परत. रो-रोने त्या गाड्यांचं काम संपवलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, समुद्राकडे तोंड करून.

बंगल्याची राखण करणाऱ्या दादांनी मोठ्या प्रेमाने कव्हर काढलं. गाडी खरोखरच चमकत होती. दादा म्हणाले, “साहेबांनी लय जपलीय. पावसात एकदा पण बाहेर काढली नाय.”

“तेच तर,” मेकॅनिक म्हणाला.

त्याने बोनेट उघडलं नाही, किल्ली मागितली नाही. गुडघ्यांवर बसला, मग सरळ आडवा होऊन गाडीखाली बघू लागला. दाराच्या खालच्या पट्टीला त्याने अंगठा लावून दाबला. रंग तुकतुकीत, पण अंगठा आत गेला. आम्ही सगळे त्या अंगठ्याकडे बघत राहिलो. बाहेर काढल्यावर त्याला तांबडी भुकटी लागली होती, तंबाखूच्या रंगाची.

मग एकेक बाहेर यायला लागलं. हँडब्रेक ओढून ठेवलेला, मागचे ब्रेक ड्रमला चिकटून एकजीव झालेले. टायरवर खाचा नव्या कोऱ्या, पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचले तर टायर गाडीएवढेच म्हातारे, आणि एकाच अंगावर उभे राहून चपटे झालेले. बॅटरीखालची पत्र्याची थाळी म्हणजे नुसती जाळी. सायलेन्सरला वरच्या बाजूने भोकं. डॅशबोर्डखाली उंदरांनी वायरी कुरतडून संसार थाटलेला. तिथे कापूस होता, सुपारीची सालं होती आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेची पानं होती. साहेबांनी ती पुस्तिका वाचली नसावी, उंदरांनी बऱ्यापैकी संपवली होती.

असं का होतं, हे त्याने परतीच्या वाटेवर मला समजावून दिलं, आणि यात मला शाळेतल्या रसायनशास्त्राच्या तासापेक्षा जास्त कळलं. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि पत्र्यावर बसतात. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही पत्रा सांध्यासांध्यांत ओला राहतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते, मीठ ते काम कितीतरी भराभर उरकतं. वरचं मीठ पावसाने किंवा बादलीभर विहिरीच्या पाण्याने निघून जातं. आतलं, दारांच्या पोकळ्यांतलं, चाकावरच्या कमानींच्या आतलं, तिथेच बसून राहतं. दारांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. पाचोळ्याने आणि मातीने ती बुजली की दार म्हणजे टाकीच. रोज धावणारी गाडी गरम होते, वाळते, हादरते, धुतली जाते. कव्हर घालून जपलेली गाडी त्या कव्हराखाली बारा महिने दमट राहते. “मीटर बघून गाडी घेणारे सगळे माझे गिऱ्हाईक होतात,” तो म्हणाला, आणि गावातल्या एका मेडिकल दुकानदाराच्या सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचे गुण गाऊ लागला. ती अर्थात विकाऊ नव्हती. चांगल्या गाड्या विकाऊ नसतात, हा या बाजारातला मोठाच वैताग.

लोखंडाचं आणि अलिबागचं हे वैर नवं नाही म्हणावं, तर अलिबागेत एक जागा अशी आहे जिथे लोखंडाला मुळात दारच बंद आहे. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्रॅम धावणार असं ठरलं, आणि त्यांच्या विजेने ती नाजूक मोजमापं बिघडणार म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला आली. इमारत बांधताना लोखंड टाळलं. एका वाहनाने मुंबईतून हुसकून लावलेली, बिनलोखंडाची, समुद्राजवळ उभी असलेली ही वास्तू अजून शाबूत आहे. मोटारी बनवणाऱ्यांनी कधी येऊन बघायला हरकत नाही.

वेधशाळेवरून आठवलं म्हणून नव्हे, पण चुंबक हे जुनी गाडी बघायचं उत्तम हत्यार आहे. फ्रिजवर चिकटवायचा साधा चुंबक, फडक्यात गुंडाळून, पत्र्यावरून फिरवायचा. जिथे पत्रा आहे तिथे धरतो. जिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरून वर रंग मारलाय तिथे खाली पडतो. आमच्या फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक यासाठी निवडला गेला. बायकोचा आग्रह असा, की तो पडला तर कौल नाही समजायचं. त्या मोसमात गणपतीबाप्पा बऱ्याच गाड्यांवरून पडले. विशेषतः टपांवरून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथे किनाऱ्याला धडकलं तेव्हा नारळी-पोफळी हजारोंनी आडव्या झाल्या, आणि त्यांतल्या काही गाड्यांवर झाल्या. त्या गाड्या पुढे सुंदर रंग लावून बाजारात आल्या. एरवीच्या वर्षांत ते काम एकटा नारळ करतो. टपावर वाटीएवढा खळगा आणि त्याभोवती टचअप दिसला, की गाडी माडाखाली उभी असायची हे विचारावं लागत नाही.

किनाऱ्यावरची नको तर मुंबईची घ्या, असा एक मतप्रवाह होता. पण मुंबईला जाऊन जुनी गाडी घेणाऱ्या अलिबागकराची एक अडचण आहे, आणि ती साऱ्या भारताला माहीत आहे. ‘अलिबागसे आया है क्या’ या वाक्याविरुद्ध कुणी उच्च न्यायालयातही गेलं होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने, असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून याचिका फेटाळली. एरवी मीही मनावर घेत नाही. पण समोरचा एजंट जेव्हा खरोखरच विचारतो, “कहाँसे आये हो?” तेव्हा उत्तर देताना किंमत दहा हजारांनी वर जाते की काय असं वाटत राहतं. बायको शांतपणे म्हणाली, “पेणजवळून.”

मुंबईच्या गाड्यांचं दुखणं निराळं. तिथे सीट बेल्ट बघायचा. शेवटपर्यंत, पुरा बाहेर ओढायचा. वरचा भाग सगळे धुतात. आत गुंडाळलेल्या टोकावर गढूळ पाण्याची रेघ राहिली असेल तर गाडी पाण्यात उभी होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईकडची गाडी म्हटलं की आमचे लोक पट्टा ओढतात. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गाड्यांचे पट्टे ओढायची वेळ आली. स्टेपनीखालचा गाळ, सीटच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या आत साचलेलं धुकं, हेही बघायचं. शिवाय ई-चलन. गाडी घेतल्यावर मालक तुम्ही, पण तिने वरळीला कधीतरी तोडलेला सिग्नल तिच्या नंबराबरोबर तुमच्या दारी येतो. दिल्लीच्या गाड्यांचाही एक धंदा आहे. पंधरा वर्षांच्या पेट्रोल आणि दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर तिथे बंदीचे आदेश निघाल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात मिळतात, पत्रा कोरडा ठणठणीत. पण एनओसी आणा, इथला कर भरा, नवा नंबर घ्या. तेवढ्या कागदांना अडीच लाखांतले किती उरतील, याचा हिशेब करून आम्ही दिल्ली सोडली.

वासाचा विषय नाजूक आहे, तरी बोललं पाहिजे. मुंबईचा ग्राहक गाडीचं दार उघडतो, सुकटीचा वास येतो आणि तो किंमत पाडतो. आमच्याकडे कुणाला तो वास येतच नाही. पण मेकॅनिकने यातही फरक करायला शिकवलं. सुक्या बोंबलांचा वास असेल तर बेलाशक घ्या, पोत्यातून गेलेत, गाडीचं काही बिघडलेलं नाही. ओल्या मासळीचा असेल तर मात्र डिकीतलं कार्पेट उचला. बर्फाच्या खोक्यातून गळलेलं खारट पाणी खाली झिरपतं आणि डिकीचा तळ खाऊन टाकतं. एका गाडीचं कार्पेट उचलल्यावर आम्हाला खालचा रस्ता दिसला. विकणारी ताई अजिबात गडबडली नाही. म्हणाली, “पाणी साठत नाय मग.”

शेवटी मेकॅनिकने भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवलं आणि ते समुद्रापासून आत सरकवत नेलं. अलिबाग, पोयनाड, पेण, आणि मग उजवीकडे खाली, पाली. “इथपासून पुढचं बघा.” सुधागडाच्या बाजूला डोंगर आहेत, पाऊस आमच्याएवढाच दणकट आहे, पण वाऱ्यात मीठ नाही. तिथे मग एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांची वॅगन-आर मिळाली. २०१३ ची, राखाडी, सत्त्याऐंशी हजार किलोमीटर. बदली होणार म्हणून विकत होत्या. रोज पाड्यांवर जाऊन यायच्या, त्यामुळे पुढचा बंपर ओरखडलेला, मागच्या सीटवर पोलिओच्या डब्यांचे ठसे. घरच्यांचे चेहरे उतरले. चौदा हजारांची पांढरी पाहिलेल्यांना सत्त्याऐंशी हजारांची राखाडी कशी आवडावी?

“उभी कुठे असते, ताई?” मेकॅनिकने विचारलं.

“गोठ्यात.”

गोठा कौलारू होता, उंच जोत्यावर, कोरडा. गाय विकून बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या जागी गाडी आली होती. दाव्याचा खुंटा अजून तिथेच होता. गणपती टपापासून पट्टीपर्यंत सगळीकडे चिकटून राहिले. मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, “चालेल.” पण तो इतक्या हळू म्हणाला, की मला ते जवळजवळ ‘चांगली’ ऐकू आलं.

आत्याची परीक्षा निराळी. ती काठी घेऊन आली, दार उघडलं, आधी बसली, मग पाय आत घेतले. वाकावं लागलं नाही, खाली पडल्यासारखं बसावं लागलं नाही. दोनदा चढली, दोनदा उतरली, मग उतरायला नकार देऊन आतच बसून राहिली. घासाघीस त्यामुळे आम्हाला अंमळ अवघड गेली. गिऱ्हाईकाची आत्या गाडीत ठाण मांडून बसली असताना ‘मग आम्ही निघतो’ असं म्हणता येत नाही. मी नव्या करावर भिस्त ठेवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या स्वस्त झाल्या, तर जुन्यांनी किती मागावं? सिस्टर म्हणाल्या, “मग नवीच घ्या ना.” तरी शेवटी थोडं उतरल्या. पैसे हातात घेण्याआधी मात्र त्यांनी मलाच उलट विचारलं, “तुम्ही कुठे उभी करणार?”

नागाव, समुद्रापासून चालत पाच मिनिटं, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, “घराच्या मागे.” बायकोने पुस्ती जोडली, “अगदी आत.” सिस्टरांनी मेकॅनिककडे पाहिलं. त्याने रोज गोड्या पाण्याने धुवायची हमी आमच्या वतीने परस्पर देऊन टाकली, आणि दर वर्षी खालून अंडरकोटिंग करून घ्यायचीही.

कागदपत्रं पेणला. एमएच झिरो सिक्सची आरटीओ तिथे, गणपती तिथले, पापड आणि पोहेही तिथले, त्यामुळे पेणहून रिकाम्या हाताने कुणी परत येत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सिस्टरांच्या सह्या झाल्या. बरेच लोक या सह्या केलेले कागद खिशात ठेवून गाडी वर्षानुवर्षं जुन्याच नावावर फिरवतात, मग अपघात झाला की जुन्या मालकाला समन्स. सिस्टर तशा सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या, ट्रान्सफरची पावती दिसेपर्यंत बाकावरून हलल्या नाहीत. विम्याची पॉलिसी आमच्या नावावर आली, पण त्यांनी इतक्या वर्षांत जमवलेला नो क्लेम बोनस त्यांच्याचकडे राहिला. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, हे बायकोला फार पटलं. गाडी जपून चालवल्याचं पुण्य गाडीबरोबर विकलं जात नाही, तर मग वीस वर्षं स्कूटर जपून चालवल्याचं तिचं पुण्य कुठे जमा आहे, असं तिने त्या विमावाल्याला विचारलं. तो अजून विचार करतोय.

आता प्रश्न उरला तो घराच्या मागे नेमकं कुठे, याचा. पडवीच्या बाजूला सुपारी वाळत घालतात, ती जागा आत्या देणार नाही. विहिरीजवळ ओल. कौलाच्या खोपीत सरपण आणि मोडक्या खुर्च्या, ज्या दुरुस्त करायच्या असल्यामुळे टाकता येत नाहीत. गाडीला जेमतेम बसेल अशी एकच कोरडी, वाऱ्याआडची जागा सापडली, आणि तिच्या बरोब्बर मधोमध वर एक माड, नारळांनी लगडलेला. नारळ उतरवणाऱ्याला बोलावलं. तो कमरेवर हात ठेवून एकदा माडाकडे, एकदा गाडीच्या टपाकडे बघत राहिला.

“झाडावर चढायचे नेहमीचेच पैसे,” तो म्हणाला. “पण ह्या बाजूचे नारळ खाली टाकता यायचे नाय. दोरीने सोडायला लागतील. त्याचे वेगळे.”

“गाडी काढली की झालं, टाक ना खाली,” मी म्हटलं.

“आजचं झालं. पुढच्या महिन्यात परत धरणार ना ते? त्या टायमाला मी नसतो, तुमची गाडी असते.”

आत्या मागच्या सीटवर बसून हे सगळं ऐकत होती. काच खाली करून म्हणाली, “दे त्याला काय मागतोय ते. आणि तो चढायच्या आधी मला खाली उतरव.”